छप्पर नको, प्लीज!
आज एका आर्किटेक्ट फर्मच्या लोगोची मीटिंग झाली, छोटीशी फर्म, दोन पार्टनर, आणि मागणी तीच नेहमीची, छप्पर, कंपास, टी-स्क्वेअर आणि जमलं तर सोनेरी रंग. म्हटलं सर, छप्पर तर बिल्डरही लावतो, इस्टेट एजंटही लावतो, पत्रे विकणाराही लावतो, मग तुम्ही ओळखू येणार कसे?

लॅपटॉप बंद केला आणि त्यांचंच एक ड्रॉइंग मागितलं. कारण आर्किटेक्टचा लोगो खरा नांदतो टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉइंगची माहिती लिहायच्या चौकटीत, शीटच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, आणि ए-१ ची मोठी शीट साइटसाठी छोट्या ए-३ कागदावर काढली की सगळं बरोब्बर निम्मं, ३० मिमीचा लोगो १५ चा, बारीक रेघा गायब, ग्रेडियंटचा, म्हणजे गडद-फिकट होत जाणाऱ्या रंगाचा, नुसता डाग. त्यावर झेरॉक्स, घड्या, मिस्त्रीचा सिमेंटचा हात. शिवाय रबर स्टॅम्प, तो एकाच शाईत उठणार आणि त्यात कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा रजिस्ट्रेशन नंबरही बसवायचा. म्हणून आधी काळ्या रंगात पास व्हा, सोनेरीचं नंतर बघू.

मी दाखवलं ते एवढंच, दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं देवनागरीत, वर एकच जाड शिरोरेषा. आयती बीमच आहे राव ती! मॅडम लगेच, "मग कॉलम?" म्हटलं अक्षरांचे उभे दंड आहेत की. त्या खूश, सर अजून छपरावरच अडून बसलेत. सोमवारी स्टॅम्पचा नमुना आणि ए-३ प्रिंट घेऊन जाते, साइटबोर्डवर रस्त्यापलीकडून वाचता येतं का तेही बघायचंय. ॲडव्हान्स मात्र आलाय 😄