अज्ञात प्रकाशक

"अहो, सही नसलेला चेक मी घेत नाही, मग हे कसे घेऊ?"

रविवार कारंजावरच्या दुकानात मी लिहिलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर विंडोजच्या इशाऱ्याची निळी चौकट उघडली, 'अधिक माहिती' दाबताच तीत 'अज्ञात प्रकाशक' हे शब्द दिसले आणि शेठजींनी माउसवरचा माझा हात थांबवला.

'अधिक माहिती' आणि मग 'तरीही चालवा' दाबायचे, हे मी सवयीने सांगून गेलो. म्हणजे इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला मीच शिकवत होतो.

१ जून २०२३ पासून सॉफ्टवेअर कोणाचे हे दाखवणाऱ्या डिजिटल सहीची खासगी किल्ली (सही करण्याचा गुप्त संकेत) यूएसबी टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते आणि सहीसोबत टाइमस्टॅम्प (सही केव्हा केली याची नोंद) घेतला, तर सहीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही ती सही ग्राह्य राहते, हे सारे ठाऊक असूनही मी केवळ खर्चापायी प्रमाणपत्र टाळले होते.

उद्या पंचवटीतल्या दुकानात कोणत्या तोंडाने जाऊ?