हृदयावरचा पांढरा थर

गिधाडाचं ताजं शव हाती लागणं फार दुर्मीळ. कड्यावर मेलेला पक्षी सहसा कुणाला दिसतच नाही. दिसतो तोवर उन्हाने आतली इंद्रियं सडून गेलेली असतात आणि मग कितीही कसून पाहिलं तरी मृत्यूचं कारण सापडत नाही. म्हणून त्या फेब्रुवारीत वनरक्षकाने फोनवर सांगितलं, "मॅडम, गिधाड मेलंय, अजून वास सुटलेला नाही," तेव्हा जनावरांचा दवाखाना सहकाऱ्यावर सोपवून मी लगेच निघाले.

जागा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्याजवळची. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हे त्यांपैकीच एक असावं. ज्या बाबांनी ते पाहिलं होतं ते तिथेच थांबले होते. म्हणाले, "काल दिवसभर झाडावर मान खाली टाकून बसलं होतं, बाई. दगड मारला तरी उडंना. सकाळी पाहिलं तर खाली पडलेलं." दिवसभर मान लोंबकळत राहणं म्हणजे पक्षी बहुधा आजारी होता. अपघाताने मेलेला पक्षी सहसा आधी दिवसभर असा बसत नाही.

वनपालांसमोर पंचनामा झाला आणि शव बर्फात ठेवून आम्ही दवाखान्यात आणलं. गिधाड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेलं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. मला ती किचकट वाटत नाही. या पक्ष्याच्या मरणाची दखल कागदोपत्री तरी व्हायलाच हवी.

बर्ड फ्लूच्या तपासणीसाठी आधी घशातून आणि शौचमार्गातून स्वॅब घेतले. एक्स-रेमध्ये छर्रे नव्हते, मोडलेलं हाड नव्हतं. पायांवर, पंखांच्या टोकांवर विजेने भाजल्याची खूण नव्हती. छातीचे स्नायू भरलेले होते, म्हणजे उपासमारही नाही. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत मांस होतं, पण त्याला कीटकनाशकाचा उग्र वास नव्हता.

मग छातीचा पिंजरा उघडला आणि माझा हात थबकला. हृदयावर पांढरा थर होता, खडूची भुकटी चोळावी तसा. यकृतावरही तसाच. मूत्रपिंडं सुजून फिकट पडलेली, आत पांढरे ठिपके. पुस्तकात याला व्हिसरल गाउट म्हणतात. पक्षी युरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंड बंद पडलं की ते रक्तात साचतं आणि आतल्या इंद्रियांवर त्याचे असे थर बसतात. 2004 साली पाकिस्तानातल्या गिधाडांच्या अभ्यासातून डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा दोष सिद्ध झाला, तो याच खुणांच्या मागे लागून. गुराला दिलेलं वेदनाशामक त्याच्या मांसात उरतं आणि ते मांस खाणारं गिधाड काही दिवसांत मरतं. शंभरात एकापेक्षाही कमी मृत गुरांत हे औषध असलं, तरी गिधाडांची संख्या कोसळते, कारण एका शवावर अख्खा थवा उतरतो. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं भारतात 1992 ते 2007 या काळात हजारात एक उरली, ती अशी.

ही मादी होती. अंडाशयावरून दिसत होतं की तिने याच हंगामात अंडं घातलं होतं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लाला आई-बाप दोघं मिळून वाढवतात. ती नोंद लिहिताना मला थांबावं लागलं.

थर दिसला म्हणून औषधाने मेलं, असं ठामपणे लिहिता येत नाही. मूत्रपिंडाच्या दुसऱ्या आजारातही गाउट होतो. यकृत, मूत्रपिंड आणि त्या पिशवीतलं मांस गोठवून प्रयोगशाळेत पाठवलं. सगळ्यांचा संशय डायक्लोफिनॅकवर होता, पण जनावरांसाठी त्यावर 2006 पासूनच बंदी आहे. त्यामुळे बाकीची वेदनाशामकंही तपासा, असा मी आग्रह धरला. अहवालात डायक्लोफिनॅक नव्हतं. निमेसुलाइड होतं, आणि तिन्ही नमुन्यांत होतं. पिशवीतल्या मांसाने शंका संपवली, कारण पक्ष्याचं शेवटचं जेवणच औषध घेऊन आलं होतं. त्या वेळी हे औषध गुरांना खुलेआम दिलं जात होतं. जनावरांसाठी त्यावर बंदी आली 2024 च्या डिसेंबरअखेर. त्याआधी 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक या वेदनाशामकांवर बंदी आली होती. एकेका औषधावर बंदी यायला इतकी वर्षं लागावीत, याचा मला राग येतो.

तिने खाल्लेलं ते जनावर कुणाचं, हे कळणं शक्य नव्हतं. गिधाड अन्नासाठी शेकडो किलोमीटरवर जाऊन येतं. तरीही अहवाल घेऊन मी पाड्यावर गेले. बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आमच्या औषधानं मेलं का?" मी म्हटलं, तुमच्याच असं नाही, पण असल्याच. ते आत गेले आणि छपराच्या वाशाला अडकवलेली पिशवी घेऊन आले. तिच्यात लंगड्या बैलासाठी आणलेली बाटली होती. लेबलवर निमेसुलाइड.

"मग बैलाला द्यायचं काय?"

मेलोक्सिकॅम, मी चिठ्ठीवर लिहून दिलं. हे गिधाडांना बाधत नाही. आणि दुसरं कुठलंही वेदनाशामक दिलेलं जनावर दगावलं तर माळावर टाकू नका, खोल पुरा, हेही सांगितलं. त्यांनी ती चिठ्ठी शेजारच्या मुलाकडून दोनदा वाचून घेतली आणि त्याच दिवशी त्याला औषधाच्या दुकानात पाठवलं.