खाडीचं पाणी आत घेताना: माझा अनुभव

नवी मुंबईत आमच्या सोसायटीमागे एक पाणथळ आहे. भरतीला ठाणे खाडीतला चिखल बुडाला की रोहित पक्षी तिथे येऊन उभे राहतात आणि ओहोटी लागली की परत खाडीत चरायला जातात. खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे. आमचं तळं मात्र त्या हद्दीबाहेर. हे पक्ष्यांना कोण सांगणार?

एका उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी हिरवं पडलं, वास सुटला, कडेची तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, शेंड्याकडून वाळायला लागली. कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. खाडी आणि तळ्यामधल्या बांधाखालून ज्या पाइपांतून भरतीचं पाणी आत-बाहेर होई, त्यांची तोंडं रस्त्याच्या भरावात गाडली गेली होती. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर येऊन हवा घेतात. पाणी आत कोंडून राहिलं की ती कायमची बुडतात आणि झाड गुदमरतं.

ग्रुपवर पहिली सूचना आली ती अर्थातच वृक्षारोपणाची. टोप्या, बॅनर, फोटो. जन्मभर खाडीत निवट्या आणि चिंबोऱ्या धरलेले गावातले नाना हसले. "झारां कनाला लावता? पानी सोरा, ती आपली आपन येतील." त्यांचं बरोबरच होतं. तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात, भरतीवर तरंगत येतात आणि चिखल मिळेल तिथे रुजतात. फक्त भरती आत यायला हवी.

म्हणून आम्ही एकच गोष्ट धरून बसलो: इथे खाडीचं पाणी येत होतं आणि ते अडवलं गेलं, हे कागदावर आणायचं. गूगल अर्थवरची जुनी चित्रं काढली, सातबारा काढला. पण खरं काम केलं एका काठीनं. तिच्यावर ऑइल पेंटनं खुणा करून ती तळ्यात रोवली आणि अमावास्येच्या उधाणाला दोन्हीकडचे फोटो काढले, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. बांधाबाहेर पाणी दगडांच्या वर चढलेलं. आत काठीवरची पाण्याची पातळी हललेलीसुद्धा नाही.

कायदा आपल्या बाजूने भक्कम आहे. कांदळवनांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने तर कांदळवनं तोडायला बंदी घातली, भोवतीचा ५० मीटरचा पट्टा राखायला सांगितला आणि नष्ट झालेली कांदळवनं पूर्ववत करायची जबाबदारी राज्यावर टाकली. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समितीही आहे. तरी आमचा अर्ज एका कार्यालयातून "जागा आमच्या हद्दीत नाही" म्हणून दुसऱ्यात, आणि तिथून तसाच परत. शेवटी प्रत्येक अर्जावर बाकी सगळ्या खात्यांना प्रत दिल्याचं लिहायला लागलो आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हललो नाही. मग संयुक्त पाहणी लागली.

सरकारी वेळ सकाळी अकराची. त्या दिवशी अकराला ओहोटी! बाहेर नुसता चिखल, आत साचलेलं पाणी; भरती अडलीय हे साहेबांना कसं दिसणार? भरतीचं वेळापत्रक जोडून पाहणी पुन्हा मागितली. ती मिळाली, आणि मग कुणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

पंचनाम्याच्या वेळी मात्र अडून बसलो. मसुद्यात होतं, "परिसरात राडारोडा आढळून आला." एवढ्यावर सही केली असती तर चार डंपर येऊन डेब्रिज उचललं असतं आणि प्रकरण बंद. "भरतीच्या पाण्याचा प्रवाह अडलेला आढळला" हे वाक्य घालून घेतलं. जेसीबी आला तो त्या वाक्यामुळे.

पाइप मोकळे झाल्यावर पहिल्या उधाणाला काळं, घाण पाणी बाहेर पडलं. इतका वास, की सोसायटीतल्या काहींनी आमच्याविरुद्धच तक्रार केली. पुढच्या पावसाळ्यानंतर आतल्या चिखलात दोन पानांची तिवरं दिसायला लागली, एकही आम्ही न लावलेली. जी पूर्ण वाळली होती ती गेलीच.

आता पाइपांच्या तोंडाशी प्लॅस्टिक अडकतं, म्हणून मोठ्या भरतीनंतर कुणीतरी जाऊन ते काढतं. आणि उत्तरेकडचा एक पाइप अजून बंदच आहे. त्याचा अर्ज वेगळा टाकलाय, या वेळी वेळापत्रक पहिल्याच पानाला जोडून.