जर-तर उलटं फिरवता येत नाही

बीकॉमच्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या शाखेतला एक ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो, मी तर्कशास्त्र घेतलं. ग्रुपमधल्या बाकीच्यांनी दुसरंच कायकाय घेतलं पण मला हेच पाहिजे होतं, कारण आम्ही कोल्हापूरच्या पेठेतली माणसं, फुटबॉलपासून पुरापर्यंत कशावरबी तासभर वाद घालतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. मला बघायचं होतं की कोण बरोबर हे ठरवायची काय रीत असते का. तर असते. आणि ती इतकी साधी आहे की शाळेतच का शिकवत नाहीत याचं खरंच वाईट वाटतं.

सेमिस्टरभर बरंच झालं, विधान म्हणजे काय, आधारविधानं, निष्कर्ष, मोडस पोनेन्स, मोडस टोलेन्स वगैरे, ते कुठल्याबी पुस्तकात सापडेल. माझं डोकं मात्र एकाच गोष्टीनं धरलं, जर-तर. "जर हे असेल तर ते असेल" एवढंच वाक्य, पण त्याच्यावर सगळा संसार चाललाय असं मला आता वाटायला लागलंय.

मॅडमनी सुरुवातीलाच बोर्डावर जर-तरचं सत्यता कोष्टक काढलं, चार ओळी. जर-चा भाग खरा आणि तर-चा भागबी खरा, विधान सत्य. जर खरं आणि तर खोटं, विधान असत्य. इथपर्यंत सगळे गप्प. मग खालच्या दोन ओळी, जर-चा भागच खोटा, तर पुढं काहीबी असू दे, विधान सत्य! वर्गात कालवा सुरू झाला, असं कसं, असं कसं. मॅडम म्हणाल्या, समजा पप्पा म्हणाले की नव्वद टक्के पडले तर गाडी घेऊन देतो. पडले आणि गाडी आली, शब्द पाळला. पडले आणि गाडी नाही, शब्द मोडला. आता नव्वद पडलेच नाहीत आणि पप्पांनी तरीबी गाडी घेऊन दिली, तर शब्द मोडला का? नाही ना. नव्वद नाही पडले तर काय करणार यावर ते काही बोललेच नव्हते. बास, सगळा वर्ग शांत. जर-तरवालं वाक्य जेवढं बोलतं तेवढंच बोलतं, त्याच्या पलीकडचं आपण आपल्या मनानं घालतो हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

मग कार्डांचं कोडं. पीटर वेसन म्हणून ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६६ मध्ये मांडलं. टेबलावर चार कार्डं, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय अ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या पाहिजे. नियम पाळलाय का बघायला कुठली कार्डं उलटवायलाच पाहिजेत? बहुतेक हात अ आणि ४ ला वर गेले. उत्तर आहे अ आणि ७. चारच्या मागं काहीबी असलं तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येमागं स्वरच पाहिजे असं नियमानं म्हटलेलंच नाही. सातच्या मागं स्वर निघाला तर मात्र नियम गेला. वेसन यांच्या प्रयोगात दहातल्या एकालाबी नीट जमलं नव्हतं, आणि ती कॉलेजात शिकणारी पोरं होती.

पण याच्या पुढचं मला जास्त आवडलं. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या अमेरिकेतल्या दोघांनी तेच कोडं दारूच्या नियमावर बसवलं, बिअर पीत असेल तर वय १९ च्या पुढं पाहिजे. कार्डं चारच, बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. आता कोणाला तपासायचं? बिअरवाल्याला आणि १६ वाल्याला, आणि हे जवळजवळ पाऊण जणांनी बरोबर सांगितलं. गणित तेच, आकार तोच! म्हणजे माणसाला तर्क येत नाही असं नाही, ओळखीच्या व्यवहारात तो आपसूक येतो आणि कोऱ्या अक्षरात हरवतो. हे ऐकून मला लय बरं वाटलं.

आणि हे सगळं बाहेरूनच आलंय असंबी नाही हं. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथं आग आहे हे उदाहरण शेकडो वर्षं घोटलंय, आणि ते लोक नुसता नियम सांगून थांबत नाहीत, उदाहरण द्यायलाच पाहिजे म्हणतात, जसं स्वयंपाकघर, तिथं धुराबरोबर आगबी असते. मग सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात हेच उलटं करून तपासलंय. आग आहे म्हणून धूर असणार असं म्हणता येईल का? नाही, कारण तापलेला लोखंडाचा गोळा, त्यात आग आहे पण धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. उद्यमनगरातल्या फौंड्रीत लालभडक लोखंड बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता हे मी एवढं मनावर का घेतलं ते सांगतो. माझा मामा पंचगंगेच्या काठावरच्या प्रयाग चिखलीला राहतो. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यानं बघितलाय त्याला चिखली म्हणजे काय ते माहीत आहे. पावसाळ्यात मोबाईलवर मेसेज फिरतात, राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, नदीकाठच्यांनी सावध राहा. बरोबर आहे, दरवाजे उघडले तर पंचगंगेचं पाणी वाढतं. पण लोक काय करतात, पाणी वाढलं की म्हणतात दरवाजे उघडलेत आणि आपल्यापासून लपवायलेत. अरे पण पंचगंगेत नुसती राधानगरीकडनं येणारी भोगावती येत नाही, कासारी, कुंभी, तुळशीबी येतात, गगनबावड्याला धो धो कोसळला की राधानगरीचे सगळे दरवाजे बंद असून पाणी चढतंय. आणि याच्याहून वाईट दुसरी उलटी चाल, दरवाजे मिटले म्हणजे आता पाणी चढणार नाही. हे मात्र जिवावर बेततं. मामाच्या शेजारचे एकजण दरवाजे मिटल्याचा मेसेज बघून जनावरं गोठ्यातच ठेवा म्हणायलेले, तेव्हा मामा म्हणाला, "दरवाजा मिटला म्हनून पानी थांबतंय व्हय? वर बावड्याला पडायलाय त्याचं काय?" आणि त्यानं म्हशी सोडल्यापण. मामा सातवी शिकलाय. पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी गाठतं, ते आकडे तो बघतोच, पण त्याच्या आधी घाटाकडचं आभाळ बघतो. जर-तरची जी दिशा मी कोष्टकात शिकलो ती त्याला पाण्यानं शिकवलीय, आणि त्या दिवशी मला माझ्या पेपरचा केवढा अभिमान वाटला सांगू!

गल्लीतल्या वादात आता मी एकच प्रश्न विचारतो, हे उलटंबी खरं आहे का? पोरगा चोर असेल तर पोलिसांना बघून पळेल, ठीक. पळाला म्हणून चोर? भिऊन पळाला असेल, लायसन्स नसेल. एवढं विचारलं की आवाज खाली येतात, भांडण संपतं असं नाही पण निदान कुठल्या वाक्यावर भांडायलोय ते तरी कळतं.

आणि गंमत म्हणजे हेच आमच्या अकाउंटन्सीतबी निघालं. हिशोब बरोबर असेल तर तेरीज पत्रक, म्हणजे ट्रायल बॅलन्स, जुळतं, डेबिट आणि क्रेडिटची बेरीज सारखी येते. सर पहिल्यापासून सांगायलेत की तेरीज जुळली म्हणून हिशोब बरोबर असं समजू नका, ते आता खऱ्या अर्थानं समजलं. एखादं बिल वहीत चढलंच नाही तर ते डेबिटलाबी नाही आणि क्रेडिटलाबी नाही, दोन्ही बाजू पैशाला पैसा जुळणारच. दुरुस्तीचा खर्च चुकून मशिनरीच्या खात्याला टाकला तरी जुळणार. म्हणून तेरीज जुळल्यावरबी मी आता बिलांची फाईल काढतो आणि एकेक बिल वहीशी लावून बघतो.