सनद मिळाली, पुढे काय? १८६१ चा स्वयंसेवक लेफ्टनंट

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल वाचताना तलवार उपसून धावणारा तरुण अधिकारी डोळ्यांपुढे येतो. त्याचं रोजचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१५ एप्रिल १८६१ ला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी, म्हणजे उत्तरेच्या बाजूने, दक्षिणेविरुद्ध लढायला ७५,००० माणसं मागितली. कायम फौज होती जेमतेम १६,००० ची, म्हणजे शिकलेले अधिकारी पुरणार नव्हतेच. मग आपल्या भागात फिरून जो नावं जमवी, तो अधिकारी होई. कंपनीत शंभरेक माणसं, आणि अशा दहा कंपन्यांची एक पायदळ रेजिमेंट. कॅप्टन आणि लेफ्टनंट बरेचदा शिपाईच मतं देऊन निवडत, सनद, म्हणजे नेमणुकीचं पत्र, राज्याचा गव्हर्नर देई. केंद्राच्या अधिकाऱ्यापुढे हजेरी लागून रीतसर भरती झाली, की पगार सुरू. गणवेश, तलवार आणि जेवण मात्र पदरचं.

निवडून आलेल्या पोराची पंचाईत अशी, की कालपर्यंत ज्यांच्याकडे मत मागितलं, त्यांनाच आज दरडावायचं. त्यात कवायत त्यालाही नवीनच. कॉलेजात शिकवणारे जोशुआ चेंबरलेन यांना १८६२ मध्ये मेन राज्यात थेट कर्नलपद देऊ केलं होतं. त्यांनी एक पायरी खालचं पद घेतलं आणि वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेल्या एडलबर्ट एम्स यांच्या हाताखाली काम शिकून घेतलं. मला हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

शिकायचं काय? ठासणीची रायफल. काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, गज काढून जागेवर ठेवायचा, केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायची, घोडा ओढायचा. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. गोंगाटात मात्र केप बसवायची राहून जाई किंवा ती फुसकी निघे. शेजाऱ्याच्या बंदुकीचा धक्का आपलाच समजून शिपाई वर दुसरा बार ठाशी. १८६३ च्या लढाईनंतर गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या २७,००० वर बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार होते. लेफ्टनंट मागच्या रांगेच्या पाठीशी दोन पावलांवर उभा असे, तो रांग सांभाळायला आणि हे हात बघायला.

कागदपत्रं वेगळीच: रोजचा सकाळचा अहवाल, दर दोन महिन्यांनी हजेरीपट. हजेरीपट चुकला की शिपायाचा पगार अडकलाच. बंदुका आणि कपड्यांचा हिशेब कॅप्टनच्या नावावर, तूट आली तर वसुली त्याच्याच पगारातून.

आणि छावणीतले शौचाचे चर. उत्तरेच्या मृतांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश माणसं रोगांनी गेली. हागवण, विषमज्वर, गोवर. चर पाण्यापासून लांब खणलाय ना, रोज त्यात माती पडते ना, रात्री माणसं आळस करून तंबूमागे तर बसत नाहीत ना, हे पाहायला चांगल्या घरातला वीस वर्षांचा लेफ्टनंट लाजे. तो लाजला, की पंधरवड्यात निम्मी कंपनी आजारी.