आमची वाटचाल: सातवी पट्टी

आम्हा दोघांनाही माणसाचा हात धड काढता येत नव्हता. चेहरा एखादा जमायचा, पण पुढच्या चौकटीत तोच माणूस दुसराच कुणीतरी व्हायचा. न्वार, म्हणजे अंधार-सावल्यांतल्या गुन्हेकथांचं, कॉमिक काढायचं आमचं वेड त्यामुळे कागदावर कधी उतरलंच नसतं. 2012 साली डॅझ स्टुडिओ या, तयार थ्रीडी आकृत्या मांडून चित्रं करायच्या सॉफ्टवेअरची प्रो आवृत्ती फुकट मिळायला लागली आणि आम्ही भागीदारीत काम सुरू केलं. दृश्यं आणि प्रकाश माझ्याकडे, संहिता आणि अक्षरलेखन भागीदाराकडे. त्याआधी काही वर्षं मी पोझर या तशाच सॉफ्टवेअरवर हात बसवला होता, त्याच्या रनटाइम, म्हणजे सामानाच्या, फोल्डरच्या जंजाळात रात्री घालवल्या होत्या. त्यामुळे माझी तरी सुरुवात शून्यातून नव्हती.

'बाहुल्यांचं कॉमिक' हे नाव आम्हाला पहिल्याच अंकापासून चिकटलं. हाताने चित्रं काढणारे तोंडावर म्हणायचे, तुमचं काय, बटण दाबलं की झालं. इतक्या वर्षांनीही हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं तापतं. बटण दाबल्यावर जे मिळतं ते आम्ही कधीच छापलेलं नाही. तयार आकृती सीनमध्ये, म्हणजे संगणकातल्या दृश्यात, आणली की ती पुतळ्यासारखी उभी राहते. वजन दोन्ही पायांवर सारखं, खांदे सरळ, नजर कुठेच नाही. तिचा एक गुडघा सैल सोडायचा, कंबर त्या बाजूला उतरवायची, खांदे उलट बाजूला कलते करायचे, मग मान, मग डोळे आणि सगळ्यात शेवटी बोटं. सिगारेट धरलेल्या दोन बोटांवर मी अख्खी दुपार घालवलेली आहे. रेनकोटाचं तर विचारूच नका. 2017 मध्ये डॅझच्या 4.10 आवृत्तीबरोबर डीफोर्स आलं, कापड खऱ्यासारखं पाडणारं. तोवर खुर्चीत बसलेल्या माणसाचा कोट पुठ्ठ्यासारखा मांडीवर ताठ राहायचा आणि मी चौकटीमागून चौकटीत घड्या ब्रशने रंगवत बसायचो.

पहिल्या अंकापासूनचे आमचे एक वर्गणीदार आहेत. निवृत्त फोटोग्राफर, उभं आयुष्य डार्करूममध्ये गेलेलं. आम्ही त्यांना काका म्हणतो. अंक पोचला की आठवडाभरात त्यांचं पत्र येणार, हे ठरलेलं. 2015 साली 4.8 आवृत्तीत आयरे हे नवं रेंडर इंजिन, म्हणजे सीनचं चित्र तयार करणारा भाग, आलं आणि आम्ही जुनं थ्रीडिलाइट सोडून लगेच त्यावर गेलो. खरा प्रकाश, खऱ्या सावल्या, आम्ही हरखून गेलो होतो. काकांच्या पत्रात मात्र एकच वाक्य होतं. सोबत पान 9 ची झेरॉक्स, हॅटच्या कडेपाशी पेन्सिलीचा बाण. "दिवा छताला टांगलेला आहे, मग हॅटखाली याचे डोळे एवढे स्वच्छ कसे दिसतात?"

सीन उघडून मी तासभर बघत बसलो. छताचा बल्ब आम्ही एमिसिव्ह, म्हणजे स्वतःच्या पृष्ठभागातून उजेड देणारा, केला होता, वेगळा लाइट टाकलेलाच नव्हता. कॅमेऱ्याचा हेडलॅम्प ऑटोवर. सीनमध्ये लाइट असला की हेडलॅम्प आपोआप विझतो, पण एमिसिव्ह पृष्ठभाग त्याच्या हिशेबात लाइट नसतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या कपाळावरचा तो दिवा पानामागून पानं जळत होता आणि आमच्या सगळ्या सावल्या समोरून धुऊन काढत होता. त्या दिवसापासून आमच्याकडे नवा कॅमेरा टाकला की पहिलं काम हेडलॅम्प बंद करायचं.

पुढच्या आठवड्यात काका स्वतः स्टुडिओत आले. संगणकातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण प्रकाशातलं सगळं कळत होतं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आधी सगळे दिवे काढून टाक. आता एकच लाव. तो का पुरत नाही हे मला पटवून दे, मगच दुसरा." आम्ही ब्लाइंड्सच्या, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या पडद्याच्या, खिडकीबाहेर एकच स्पॉटलाइट ठेवला. स्पॉटची जॉमेट्री, म्हणजे उजेड देणाऱ्या भागाचा आकार, मी डिस्क (तबकडी) ठेवली होती, त्यामुळे भिंतीवरचे पट्टे मऊ, दुधाळ येत होते. ती पॉइंट, म्हणजे एकच बिंदू, केली तसे पट्टे सुरीने कापल्यासारखे उमटले. काकांनी मान डोलावली, आणि मग म्हणाले, "या खिडकीतून आजवर कुणी डोकावलेलंच दिसत नाही. ज्याला कुणाची तरी भीती आहे तो माणूस पट्टी बोटाने खाली दाबून बाहेर बघतो. एक तरी वाकलेली पाहिजे."

त्या ब्लाइंड्सच्या मॉडेलमधली प्रत्येक पट्टी सुटी फिरत होती. नायकाच्या डोळ्यांच्या उंचीवर वरून सातवी पट्टी येत होती, ती मी पडद्यावरचा डायल फिरवून थोडी तिरकी केली. भिंतीवर उजेडाचा एक पट्टा एका टोकाला रुंद झाला आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ मिटला. अख्ख्या खोलीत तेवढीच एक जागा कुणीतरी राहिल्यासारखी वाटायला लागली. तो सीन मी सेव्ह केला आणि नायकाच्या ऑफिससाठी कायम तोच वापरायचं ठरलं.

भागीदाराविषयीही लिहायलाच हवं, कारण लोक चित्रं बघतात आणि अक्षरं विसरतात. देवनागरी मजकूर फोटोशॉपमध्ये टाकायचा तर परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. हे त्याने आमच्या पहिल्या प्रूफच्या रात्री शोधून काढलं. तोवर 40 पानांचे फुगे फुटक्या जोडाक्षरांनी भरलेले होते. सकाळपर्यंत त्याने एकट्याने सगळे पुन्हा भरले. वरच्या मात्रा आणि खालचे उकार फुग्याच्या कडेला टेकू नयेत म्हणून ओळींमधली जागा तो आजही नजरेने ठरवतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे एक मुलगा दोन वर्षं काम करत होता. हुशार होता, मी त्याला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. नव्या मालिकेचा नायक आम्ही दोघांनी मिळून उभा केला. दुकानातून घेतलेला तयार चेहरा, त्यावर दोन-चार डायल फिरवलेले. त्या वेळी सगळेच असं करायचे. 96 पानांचं, दीड वर्षाचं काम. ते संपत आलं तसा तो मुलगा गेला. निघताना माझ्या पाया पडून गेला.

आमची पानं छपाईला गेली आणि आमचं पुस्तक निघायच्या तीन आठवडे आधी दुसऱ्या एका स्टुडिओचं पुस्तक बाजारात आलं. नाव मी घेणार नाही. मुखपृष्ठावर आमचा नायक होता. तोच जबडा, तीच जिवणी, तीच हॅट.

आमचं पुस्तक बाहेर पडलं तेव्हा लोक म्हणाले, यांनी ढापलं. विक्रेत्यांनी गठ्ठे परत पाठवायला सुरुवात केली. त्या दुसऱ्या स्टुडिओने तर जाहीर लिहिलं की नवोदितांच्या कल्पना चोरणारे जुने लोक या धंद्यात आहेत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मी चेहऱ्याच्या परवान्याची कलमं पुन्हा पुन्हा वाचून काढली. कायद्याने आमच्या हातात काहीच नव्हतं. असा चेहरा कुणीही विकत घेऊ शकतो आणि त्याची रेंडर केलेली चित्रं छापून विकू शकतो, तेवढा हक्क साधा परवानाच देतो. आम्हाला होता तेवढाच हक्क त्यांनाही होता.

पुढचे चार महिने मी कुणाला सांगितलेले नाहीत. मुद्रकाची बाकी थकली. दोन संगणकांपैकी ज्यात चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं तो विकला. उरलेल्या मशिनच्या कार्डात सीन मावायचा नाही, मग आयरे सगळं काम प्रोसेसरवर ढकलायचं आणि एक चौकट रात्रभर चालायची. भागीदाराने दिवसाची नोकरी धरली. रात्री येऊन तो अक्षरं भरायचा, एका शब्दाने कुरकुर न करता. एकदा मात्र म्हणाला, "बंद करूया का?" मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतंच.

मग एका संध्याकाळी काका आले. पिशवीतून तीन पुस्तकं काढली आणि टेबलावर ओळीने मांडली. आमचं नवं, त्या स्टुडिओचं, आणि आमचा तीन वर्षांपूर्वीचा एक अंक. खिशातून भिंग काढलं, जुन्या कॉन्टॅक्ट शीट बघायचं. त्या स्टुडिओच्या पुस्तकातलं ऑफिसचं दृश्य उघडून भिंग भिंतीवरच्या सावलीवर ठेवलं आणि मला म्हणाले, "वरून मोज."

सहा पट्टे समांतर. सातव्यापाशी उजेड एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला मिटलेला.

मग त्यांनी आमचा जुना अंक उघडला, पान 22. तीच भिंत, तोच सातवा पट्टा, तोच तिरकेपणा. माझे हात थरथरायला लागले. चेहरा बाजारात मिळतो, ब्लाइंड्स बाजारात मिळतात, पण वाकलेली पट्टी कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती फक्त माझ्या सीन फाईलमध्ये होती. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना सांगायला नको की ती फाईल किती लहान असते. मॉडेल आणि टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवलेली रंगांची चित्रं, तिच्यात नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात, आणि कॅमेरे, लाइट, फिरवलेले डायल. ईमेलला जोडून जाते. समोरच्याने तेच सामान विकत घेतलेलं असलं की आपली खोली आपल्या प्रकाशासह त्याच्या पडद्यावर उघडते.

त्या स्टुडिओला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की असे ब्लाइंड्स सगळ्यांकडे असतात. आम्ही पुढच्या अंकाच्या आतल्या पानावर दोन्ही चौकटी शेजारी शेजारी छापल्या, जुन्या अंकाच्या तारखेसह, आणि खाली काकांचं पत्र जसंच्या तसं. बरेच वाचक परत आले, सगळे नाही. विक्रेत्यांपैकी दोघांनी फोन करून माफी मागितली. त्या स्टुडिओने आजतागायत मागितलेली नाही. पण त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली ती मी मुद्दाम विकत घेतली. तेच पान, तीच भिंत, आणि सातवी पट्टी सरळ केलेली. ज्याने काही घेतलं नाही तो माणूस दुसऱ्या आवृत्तीत एक सावली कशाला बदलेल? ते पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात आहे.

नायकाचा चेहरा आम्ही नव्याने घडवला. आकृती बेस रिझोल्यूशनवर, म्हणजे तिच्या मूळ साध्या जाळीवर, आणून ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेली आणि मातीसारखी घडवली. नाक एकदा मोडून डावीकडे बसलेलं, एक पापणी जड, एका कानाची पाळी तुटलेली. मग मॉर्फ लोडरने परत आणून तो मॉर्फ, म्हणजे आकारातला बदल, स्वतःच्या नावाने ठेवला. हे करताना जाळीच्या शिरोबिंदूंचा क्रम अजिबात बदलू देऊ नका, एक जरी कमी-जास्त झाला तरी मॉर्फ बसत नाही. आणि दोन्ही गाल कधीच सारखे ठेवू नका. तयार चेहऱ्यांत तोच दोष असतो.

त्यानंतरची वर्षं नीट गेली. भागीदाराने नोकरी सोडली, आम्ही दोघांचे सहा झालो.

सांगण्याच्या ओघात आलोच आहे तर नव्या मुलांना अजून थोडं सांगतो. अंधारा सीन अंधारातच रेंडर करू नका. आयरेला उजेड कमी पडला की दाणे उशिरापर्यंत विरत नाहीत, आणि आमच्यासारखं शेवटी थ्रेशोल्ड लावून निव्वळ काळं-पांढरं करायचं असेल तर प्रत्येक दाणा पानावर पुरळासारखा उठतो. भरपूर प्रकाशात रेंडर करा, मग एक्स्पोजर उतरवा. प्रत्येक लाइटसाठी वेगळा कॅनव्हास, म्हणजे त्या एकाच लाइटचं चित्र, काढा, म्हणजे खिडकीचा उजेड आणि खांद्यामागची कड नंतर स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येते. मागे उभ्या असलेल्या माणसाला 4096 पिक्सेलचे टेक्स्चर देऊ नका. असं एक रंगीत टेक्स्चर उघडलं की 48 एमबी मेमरी खातं, एका आकृतीला अशी डझनावारी असतात, आणि काळ्या-पांढऱ्या पानावर त्यातलं काहीच दिसत नाही. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत छापा. आरजीबीतून, म्हणजे पडद्याच्या रंगांतून, आलेला काळा चारही शाईंत फुटतो आणि छपाई केसभर हलली तरी अक्षरांना रंगीत कड येते. चालू गोष्टीच्या मध्येच नव्या पिढीच्या आकृतीवर जाऊ नका. डॅझच्या आकृत्यांची नवी पिढी जेनेसिस 9 आली 2022 मध्ये, आम्ही हातातली मालिका संपेपर्यंत जुन्यावरच थांबलो. आणि कुणालाही कामावर घेताना सीन फाईल कुणाच्या मालकीची हे कागदावर लिहून सही घ्या. मी घेतली नव्हती.

सातवी पट्टी अजून तशीच आहे. प्रत्येक अंकात कुठे ना कुठे ती येतेच, कधी भिंतीवर, कधी टेबलावर, एकदा तर नुसती पाण्याच्या ग्लासावर. काकांना आता वाचताना त्रास होतो, त्यांची नात गोष्ट वाचून दाखवते. पट्टी मात्र ते स्वतः भिंग घेऊन शोधतात आणि पत्रात फक्त पान कळवतात. गेल्या अंकाचं पत्र परवाच आलं. "पान 31, वरची डावी चौकट. कोटाच्या बाहीवर." बाहीवर ती पडली आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी ती मुद्दाम टाकली होती पान 40 वर.