सहा आणि आठच्या मध्ये

टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, करायला सांगितलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "पळायला लागतं का हो?" बहुतेकांवर पळायची वेळच येत नाही. अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांची 1963 मधली पद्धत आजही सर्रास वापरली जाते. पट्ट्याची सुरुवात ताशी 2.7 किलोमीटरने होते, म्हणजे संध्याकाळी रानडे रोडवर दुकानं बघत चालावं तशी. फक्त चढ 10 टक्के असतो. मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही.

छातीला वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, आणि शेजारून लॅबमधल्या मुलीचं चालूच: "काका, दांडी घट्ट पकडू नका, नुसती बोटं टेकवा." तिचं बरोबर असतं. दांडीवर भार टाकला की पाय सुटतात, पण मशीन हिशेब पूर्ण चढाचा धरतं. रिपोर्ट उगाच चांगला येतो.

खरी गंमत चौथ्या टप्प्यावर. तिथे वेग 6.8 आणि चढ 16 टक्के. सपाटीवर साधारण सातच्या आसपास शरीर आपणहून चाल सोडून धाव पकडतं, कारण त्याच्या पुढे भरभर चालणं पळण्यापेक्षा महाग पडायला लागतं. म्हणजे हा टप्पा नेमका उंबरठ्यावर. कुणी फरफटत चालतो, कुणी पळू लागतो, आणि प्राणवायूचा अंदाज बांधायची सूत्रं दोघांसाठी वेगळी. सपाट पट्ट्यावर 6.8 ला चालण्याच्या सूत्राने वजनाच्या किलोमागे मिनिटाला सुमारे 15 मिलिलिटर प्राणवायू लागतो, पळण्याच्या सूत्राने 26. ठीक. पण 16 टक्के चढ घाला, की चालणाऱ्याचे 47 होतात आणि पळणाऱ्याचे 42! चढाचा गुणक चालण्यासाठी 1.8 आहे आणि पळण्यासाठी त्याच्या निम्मा, म्हणून हे असं. मुळात चालण्याचं सूत्र भरवशाचं साधारण सहापर्यंत, पळण्याचं आठच्या पुढे. मधला पट्टा बेवारशी.

आणि अख्खी मुंबई त्याच पट्ट्यात राहते. सकाळी दादरच्या पुलावर उभं राहून नुसते पाय बघा. फास्ट लागल्याची घोषणा झाली की एखादी बाई ओढणी खांद्यावरून कमरेला खोचते, डबा काखेत दाबते आणि सुटते. पळत नाही, चप्पल निसटेल आणि चारचौघांत बरंही दिसत नाही. एक पाय कायम जमिनीला, म्हणजे व्याख्येने ही चालच. पण बाजूने जॉगिंग करणारा गेला तर तोच मागे पडेल. जिन्यावर तर ती त्याच वेगात दोन-दोन पायऱ्या घेते. हिचे मेट्स, म्हणजे नुसतं बसून राहण्याच्या किती पट मेहनत झाली ते माप, कुठल्या सूत्राने काढायचे?

मला विचाराल तर बाल्के नावाची दुसरी पद्धत जास्त सरळ वाटते. वेग 5.3 वर कायम, मिनिटामिनिटाला वाढतो तो फक्त चढ. चालू की पळू हा घोळच नाही. पण आमच्या लोकांना ती मानवणार नाही. पुलावर सव्वापाचच्या चालीने चालून बघा, मागून आवाज येतोच: "ओ काका, चला ना पुढे!"